साथ नाक्यावर अडत नाही

गावात पटकी आली की पूर्वी मरीआईचा गाडा निघायचा. गाड्यावर देवी बसवायची, हळद-कुंकू, लिंबं, हिरवी चोळी, नैवेद्य ठेवायचा, वाजतगाजत गाडा शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या शिवारात सोडून मागं न बघता परतायचं. पलीकडच्या गावाला गाडा दिसला की तेही तो पुढच्या शिवेला पोचवायचे. रोग गावाबाहेर गेला, असं त्या रात्री सगळ्यांना वाटायचं. विहिरीचं पाणी मात्र तेच राहायचं. पटकीचा जंतू पाण्यातून पोटात जातो हे रॉबर्ट कॉखनं कलकत्त्यात १८८४ साली दाखवून दिलं. त्याआधी गाडा ओढणाऱ्यांना नावं ठेवण्यात काही अर्थ नाही. हाताशी जे ज्ञान होतं, त्यात त्यांनी केलं.

आपल्या हाताशी त्याहून कितीतरी जास्त आहे. तरी २०२१ साली कर्नाटकच्या हद्दीतल्या कोगनोळीच्या नाक्यावर आपण काय केलं? महाराष्ट्रातून येणाऱ्याकडं ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआरचा निगेटिव्ह दाखला मागितला. तीन दिवसांपूर्वी घशात विषाणू नव्हता, एवढंच तो दाखला सांगतो. आज आहे की नाही, हे त्यावर लिहिलेलं नसतं. शिवाय इथली सीमा भिंतीसारखी नाही. शिनोळी-बाचीच्या बाजूला घर एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात असलेली कुटुंबं आहेत. चंदगडचा माणूस अडल्यानडल्याला कोल्हापूरपेक्षा आधी बेळगावचा दवाखाना गाठतो. नाक्यावर गाड्या अडल्या, बांधावरून माणसं जातच राहिली. पुढं ओमायक्रॉनचे देशातले पहिले दोन रुग्ण २ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर झाले ते बेंगळुरूचे, आणि त्यांतला एक परदेशी गेलेलाच नव्हता.

साथ नुकतीच सुरू होत असेल आणि आत एकही रुग्ण नसेल, तर येणंजाणं थांबवून थोडे दिवस मिळतात, हे मान्य करायला हवं. त्या दिवसांत तयारी करता येते. पण नाक्यालाच उपाय समजलं की तयारी होत नाही. जंतूंशी माणसाचं नातं पोलिसांच्या नाक्यावर ठरत नाही. ते ठरतं पाण्याच्या टाकीपाशी, लसीच्या कुपीपाशी, आजाऱ्याच्या नोंदवहीत आणि ती नोंद पलीकडच्या तालुक्याला वेळेत कळते की नाही यावर. सीमाभागात याच चार गोष्टी हलगर्जीपणानं चालतात आणि त्यांबद्दल लोकांना त्यांच्या भाषेत कोणी नीट सांगत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

हा भाग असा दुभंगलेला आजच नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग उघड झाला आणि पुढच्या वर्षभरात आगगाडीच्या वाटेनं तो बेळगाव-धारवाडकडं उतरला. बेळगाव तेव्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होतं. त्याला चिकटून असलेलं शहापूर सांगली संस्थानात. मध्ये रस्त्याइतकं अंतर, पण हुकूम दोन सरकारांचे. उंदरांना त्याचं काहीच नव्हतं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. कोरोनात ज्याच्या आधारे हुकूम निघाले तो हाच. त्या कायद्याच्या जोरावर काय झालं हे पुण्याच्या रँडच्या गोष्टीतून प्रत्येक मराठी मुलाला शाळेत कळतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरची गोष्ट मात्र कळत नाही, आणि ती कळायला हवी.

सिमाँनं १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग उंदराच्या पिसवेतून माणसाला होतो. उंदीर मेला, त्याचं अंग थंड पडलं, की पिसवा ते सोडतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. घरात उंदीर नसला तर ते अंग माणसाचं असतं. हे कळलं की त्या काळातले सरकारी उपाय का फसले तेही कळतं. जमिनीवर कार्बोलिकचं पाणी ओतलं, कौलं उतरवली, सामान रस्त्यावर काढलं. त्या गडबडीत उंदीर शेजारच्या घरात पळाले आणि पिसवा त्यांच्याबरोबर गेल्या. उलट, खेड्यातल्या लोकांनी आपल्या अनुभवावरून जी रीत काढली ती बरोबर ठरली. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, माळावर झोपड्या घालायच्या आणि महिना-दोन महिने परतायचं नाही. घर रिकामं राहिलं की पिसवा उपाशी मरतात. डॉक्टरांनी सिमाँची टर उडवली. त्याचं म्हणणं मान्य व्हायला १९०५-०६ उजाडलं. तोवर लाखो माणसं गेली होती, आणि पुढच्या काही दशकांत देशभरात प्लेगनं एक कोटीहून जास्त बळी घेतले. मेलेल्या उंदराची बातमी आधी कोणाला कळते? घरातल्या बाईला. ती बातमी सरकारपर्यंत पोचायला वाट नव्हती, कारण सरकार म्हणजे घर उघडून बायका तपासणारे सोल्जर. माणूस ज्याला भितो त्याला तो रोग सांगत नाही, लपवतो. प्लेगनं शिकवलेली ही सगळ्यात महाग गोष्ट आहे.

त्याच सुमारास वाल्डेमार हाफकिन मुंबईत प्लेगची लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये हुबळीत हजारो लोकांनी ती घेतली. मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मलकोवाल इथं घात झाला. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली. त्यांतल्या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना टोचलं होतं, ते सगळे धनुर्वातानं मेले. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला, त्याला पदावरून दूर केलं गेलं. पुढं निष्पन्न झालं ते असं: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा मातीत पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानंच बूच काढलं गेलं. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. लस चांगली होती, चिमटा खराब होता. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं.

१९०२ ची ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, गोवर-रुबेलाची लस दिल्यानंतर तीन तान्ही बाळं दगावली. कुप्या आरोग्य केंद्राच्या शीतपेटीत न ठेवता बाहेर दुसरीकडंच ठेवल्याचं प्राथमिक चौकशीत पुढं आलं. ही लस कशी वागते हे प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवं, म्हणून थोडं तपशिलात सांगतो.

गोवर-रुबेलाची लस कुपीत कोरड्या भुकटीच्या रूपात येते. तिच्यात विषाणू जिवंत पण दुबळे केलेले असतात. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. सोबतचं विरघळवायचं पाणीही आदल्या दिवसापासून तितकंच थंड असावं लागतं, नाहीतर कोमट पाण्यानं लसीचा जीव जातो. भुकटी विरघळली की घड्याळ सुरू. कुपीवर वेळ लिहायची आणि चार तासांनंतर, किंवा सत्र संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, उरलेली लस टाकून द्यायची. बीसीजीलाही हाच नियम. पोलिओची किंवा पेंटाव्हॅलंटची उघडलेली कुपी अटी पाळून पुढच्या सत्राला वापरता येते. या दोन लसी कधीच नाही. कारण सोपं आहे. यांत जंतुनाशक घातलेलं नसतं. घातलं तर लसीतले जीवही मरतील. म्हणजे विरघळलेली लस हे जंतूंना वाढायला मोकळं रान. बुचात सुई घालताना हातावरचा, त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू आत गेला, कुपी बाहेर ऊबदार राहिली, की काही तासांत तो वाढतो आणि विष सोडतो. नंतर फ्रीजमध्ये ठेवून ते विष जात नाही. अशा कुपीतून टोचलेल्या बाळाला काही तासांतच उलट्या, जुलाब, तीव्र ताप सुरू होतो आणि अंग गार पडतं. लसीनंतरचा साधा ताप आणि हा प्रकार यांत आईला फरक कळला तर बाळ वेळेत मोठ्या दवाखान्यात पोचतं.

अशी घटना घडली की पुढच्या महिन्याभरात आजूबाजूच्या गावांत लस घ्यायला कोणी पुढं येत नाही, आणि मग खरा गोवर येतो. त्यामुळं आईनं नर्सबाईंना विचारावं, “बाई, कुपी किती वाजता फोडली?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगली एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, या प्रश्नानं रागावणार नाही. तिनं वेळ लिहिलेलीच असते. पण हा प्रश्न विचारता यावा यासाठी चार तासांचा नियम लसीकरणाच्या जागी भिंतीवर वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला हवा. रामदुर्गात तो कन्नडमध्ये हवा. खानापूर, निपाणी आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत कन्नडबरोबर मराठीतही हवा.

बेळगावकरांना लसीचा इतिहास वेगळा शोधायला जायची गरज नाही. टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो सगळ्यांच्या पायाखालचं आहे. सकाळी फिरायला जाणारे, क्रिकेट खेळणारे, झाडांसाठी भांडणारे सगळे ते नाव घेतात. विसाव्या शतकाच्या आरंभी इथं देवीची लस तयार व्हायला लागली. वासराच्या पोटाचे केस काढायचे, धुऊन स्वच्छ करायचं, कातडीवर बारीक ओरखडे काढून त्यांत बीजलस चोळायची. पाचव्या दिवशी तिथं आलेल्या फोडांचा खरवड काढायचा, घोटायचा आणि ग्लिसरिनमध्ये मिसळायचा. ग्लिसरिन बाकीचे जंतू हळूहळू मारतं, लसीच्या विषाणूला सांभाळतं. ही ओली लस उन्हात टिकत नसे. अडीच हजार फुटांवरची बेळगावची हवा तिला मानवणारी होती. गावोगाव फिरणारे देवीडॉक्टर ती घेऊन जात, तरी उन्हाळ्यात दूरच्या खेड्यात पोचेपर्यंत तिचा जोर गेलेला असे. टोचूनही देवी आली की लोक म्हणत लसीत दम नाही, आणि ते खोटं नव्हतं. कोरडी, गोठवून वाळवलेली लस आली तेव्हा हा प्रश्न सुटला.

तरीही देवी गेली ती नुसत्या लसीनं नाही. सरसकट सगळ्यांना टोचत सुटण्यानं भारतात रोग कमी झाला, संपला नाही. शेवटच्या वर्षांत पद्धत बदलली. कर्मचारी देवीच्या रुग्णाचं चित्र घेऊन घरोघर, बाजारात, शाळेत विचारत फिरले. रुग्ण सापडला की त्याच्या घरावर पहारा आणि सभोवतालच्या घरांना लस. रुग्णाची खबर देणाऱ्याला बक्षीस होतं. ते वाढत वाढत १९७५ मध्ये हजार रुपयांवर गेलं. रोग सांगितल्यावर शिक्षेऐवजी बक्षीस मिळतं हे लोकांना दिसलं आणि मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. प्लेगच्या वेळी जे उलटं घडलं होतं ते इथं सुलटं झालं.

आता पाणी. सीमाभागातलं रोजचं दुखणं हे आहे, त्यामुळं इथं जरा थांबायला हवं.

पावसाळा लागला की ढाळ-ओकाऱ्या, विषमज्वर, काविळीचे रुग्ण वाढतात. रामदुर्गच्या मुदेनूर गावात ऑक्टोबर २०२२ मध्ये दूषित पाण्यानं माणसं दगावली. बेळगाव शहरात बळ्ळारी नाला भरून वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात शिरतो तेव्हा बासमतीचं पीक जातंच, पण ते पाणी विहिरींतही उतरतं. गावाला टाकीचं पाणी मिळतं म्हणून लोक निश्चिंत असतात. टाकी आहे म्हणजे पाणी शुद्ध, असं नसतं. शुद्ध असतं ते क्लोरीन उरलेलं पाणी.

हिशेब अवघड नाही. चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. स्वच्छ दिसणाऱ्या १,००० लिटर पाण्याला अशी अडीच ग्रॅम पावडर लागते. ५०,००० लिटरच्या टाकीला १२५ ग्रॅम. विहिरीचं पाणी मोजायचं तर व्यासाचा वर्ग करायचा, त्याला पाण्याच्या खोलीनं आणि ३.१४ नं गुणायचं, चारनं भागायचं. मीटरमध्ये मोजलं तर उत्तर घनमीटरमध्ये येतं, आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते साधारण ३७,७०० लिटर, म्हणजे पावडर ९४ ग्रॅम. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करायचा, मग बादली पाऊण भरून ढवळायचं आणि पाच-दहा मिनिटं ठेवायचं. खाली चुना बसतो, वर निवळ उरते. निवळ दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायची, चुना टाकून द्यायचा. निवळीची बादली दोराला बांधून विहिरीत पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली, डावी-उजवीकडं हिसके द्यायचे. मग किमान एक तास पाणी उपसायचं नाही.

पण हा हिशेब सुरुवातीचा. पाणी गढूळ असेल तर माती आणि कुजका पाला आधी क्लोरीन खाऊन टाकतात, जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून शेवटचा शब्द मोजणीचा. क्लोरोस्कोप म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन मोजायचं साधं साधन; त्याच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे आणि लगेच, दहा सेकंदांच्या आत, पिवळा रंग शेजारच्या पट्टीशी ताडून बघायचा. गावातल्या सगळ्यात लांबच्या नळाला लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम तरी उरलं पाहिजे; साथ चालू असेल तर ०.५. टाकीपाशी मोजून उपयोग नाही. टाकीपाशी नेहमीच बरं दिसतं.

चुका कुठं होतात हे गावागावांत सारखंच आहे. पावडरचं पोतं उघडं, ओलीत पडलेलं असतं. महिनाभरात त्यातलं क्लोरीन उडतं आणि वॉटरमन नुसता चुना टाकत राहतो. पावडर न कालवता थेट टाकीत ओतली जाते, तिचे गोळे तळाला बसतात. पाणी सोडायच्या पाच मिनिटं आधी टाकतात, म्हणजे जंतू मरायला अवधीच नाही. वॉटरमनला पगार तुटपुंजा, क्लोरोस्कोप पंचायतीच्या कपाटात बंद, आणि पीडीओला, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याला, विचारलं तर रजिस्टरमध्ये रोज एकच आकडा लिहिलेला.

सगळ्यात मोठी चूक नळांत आहे. पाणी दोन-चार दिवसांआड येतं. मधल्या वेळात नळवाहिनी रिकामी आणि तिच्यातला दाब गेलेला. तीच वाहिनी गटारीतून गेलेली, जोड झिरपणारे. दाब नसला की गटारीचं पाणी आत ओढलं जातं आणि पुढच्या वेळी पहिल्या धारेबरोबर घरात येतं. हुबळी-धारवाडमध्ये अखंड पाण्याचा प्रयोग झाला तेव्हा संशोधकांनी दोन्ही तऱ्हेचे नळ तपासले. २०१३ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे होते: अखंड पाण्याच्या नळांतल्या १०० नमुन्यांत एकापेक्षाही कमी नमुन्यांत ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू सापडला, आणि अधूनमधून येणाऱ्या पाण्यात सुमारे ३२ नमुन्यांत. शहर तेच, पाणी तेच. बेळगावातही दहा वॉर्डांत तोच प्रयोग झाला. तो बाकीच्या वॉर्डांना आणि खेड्यांना मिळावा ही मागणी सोयीची म्हणून केली जाते. ती आरोग्याची म्हणून करायला हवी. तोपर्यंत नळ आल्यावर पहिली पाच मिनिटं पाणी भांड्यात भरू नये, अंगण धुवायला वापरावं.

साधन नाही, ज्ञान नाही, असं म्हणणाऱ्यांना साखर कारखान्याकडं बघायला सांगावंसं वाटतं. बेळगाव जिल्हा उसाचा. ऊस तोडला की कापलेल्या टोकांतून मातीतला ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू आत शिरतो आणि साखर खाऊन डेक्स्ट्रन नावाचा चिकट पदार्थ करतो. रस बुळबुळीत होतो, गाळणी तुंबते, दाणा सुईसारखा लांब येतो, साखरेचा उतारा घटतो. जळालेल्या उसात हे आणखी लवकर होतं. म्हणून तोडीपासून २४ तासांच्या आत गाळप व्हावं यासाठी धडपड असते, गाळपाच्या यंत्रावर गरम पाणी आणि जंतुनाशक मारलं जातं, रसाचे नमुने तासातासाला तपासले जातात. पलीकडं मळीतून अल्कोहोल करताना दुसऱ्याच सूक्ष्मजीवाची, यीस्टची, तितकीच बडदास्त: तापमान ३० ते ३२ अंश, आम्लता ठरलेली. लागवडीच्या वेळी उसाच्या बेण्याला ॲसिटोबॅक्टर लावणारे, सोयाबीनच्या बियाला आधी बुरशीनाशक आणि शेवटी सावलीत रायझोबियम चोळणारे शेतकरी याच गावांत आहेत. उलट क्रमानं केलं की जिवाणू मरतात हे त्यांना पाठ आहे. घराघरांत आंबील आंबवणारी बाई आज थंडी आहे म्हणून भांडं चुलीजवळ सरकवते. म्हणजे सूक्ष्मजीव जिवंत आहेत, त्यांना वेळ, ऊब आणि अन्न लागतं, हे इथल्या समाजाला नीट कळतं. उतारा घटला तर पैसे जातात, म्हणून तिथं मोजणी होते. टाकीत क्लोरीन घटलं तर कोणाचे पैसे जातात? सलाईन लावून घेणाऱ्याचे. त्याचा हिशेब कुठल्या ताळेबंदात येत नाही. शिवाय ऊस सीमा ओलांडून दोन्हीकडच्या कारखान्यांत जातो आणि काट्यावर त्याची नोंद चोख होते. तापाच्या रुग्णाची नोंद तशी का होऊ नये?

माकडतापाकडं बघा. हा विषाणू १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. जंगलातल्या गोचिडांतून तो माकडांना आणि माणसांना होतो. गेल्या दशकात तो सह्याद्रीच्या कडेनं वर सरकला: गोव्याच्या सत्तरीत, २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्गात. बेळगाव जिल्ह्यातून सत्तरीत काजूच्या हंगामाला गेलेल्या मजुरांनाही तो झाला. गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांनी ताप येतो. मजूर तोवर गावी परतलेला असू शकतो. चावलं गोव्यात, ताप कर्नाटकात, आणि नमुना तपासायला कधी महाराष्ट्रात पुण्याला. गावच्या डॉक्टरला तो काजूच्या बागेत होता हे कळलंच नाही, तर तो डेंगी-मलेरिया समजून गोळ्या देतो. तीव्र ताप, डोकं फुटेल अशी डोकेदुखी, अंग मोडून येणं, नंतर हिरड्यांतून रक्त. यावर नेमकं औषध नाही. वेळेत सलाईन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक जण वाचतात. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही, म्हणून नाक्यावर कोणाला अडवून काहीच साधत नाही. हवं ते एवढंच, की सत्तरीत माकड मेलेलं सापडलं तर त्याच आठवड्यात खानापूरला कळावं, आणि खानापूरला मजूर तापला तर गोव्याला कळावं.

हे अशक्य नाही. क्षयरोगाची नोंद ‘निक्षय’ या एकाच देशव्यापी यादीत होते. निपाणीचा रुग्ण कामासाठी इचलकरंजीला गेला तर त्याची नोंद, औषधं आणि पोषणाचे पैसे त्याच्या मागं जातात. एका रोगासाठी जे जमलं ते पावसाळी साथींसाठी आणि माकडतापासाठी तीन राज्यांच्या शेजारी तालुक्यांना जमायला काय हरकत आहे? चंदगड, गडहिंग्लज, कागल, दोडामार्ग आणि इकडून खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी, गोव्याची सत्तरी. या तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आठवड्यातून एकदा फोनवर बसावं, आपापल्याकडं कुठल्या गावात किती ताप, किती ढाळ हे सांगावं. त्यासाठी सीमाप्रश्नावरच्या महाजन अहवालाचा निकाल लागायची किंवा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याची वाट बघायची गरज नाही. दावा कुणाच्याही बाजूनं लागला तरी मार्कंडेय, हिरण्यकेशी, दूधगंगा, वेदगंगा याच वाटेनं वाहणार.

भाषेचा मुद्दाही इथंच येतो. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे धोरण १९५६ पासूनचं आहे. सीमाभागात ते फलकांच्या वादात अडकलं. दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर, यासाठी जेवढी शक्ती खर्च होते तिच्यातली थोडी आरोग्याच्या सूचनेसाठी वळवायला हवी. ‘पाणी उकळून प्या’ हे कन्नडमधलं पत्रक येळ्ळूरच्या म्हातारीला वाचता येत नाही, तसंच मराठीतलं जतच्या कन्नड म्हातारीला येत नाही. दोघींचा हक्क सारखा आहे. बऱ्याच आशा कार्यकर्त्या दोन्ही भाषा बोलतात, त्याच आज दुभाषाचं काम करतात, त्याचा मोबदला न मिळता. छापील पत्रक मिळालं तर त्यांचं ओझं कमी होईल. आणि पत्रकात ‘अतिसार’ लिहू नये, ‘ढाळ’ लिहावं.

गावानं करायच्या गोष्टींना सरकारची वाट बघावी लागत नाही. आषाढात आपल्याकडं गावोगाव वार पाळणूक असते. ठरलेल्या वारी शेतात कोणी जात नाही, सगळे घरी असतात. ही प्रथा साथीच्याच दिवसांत येते आणि तिच्यामागं गावानं रोगापुढं एकत्र थांबण्याची जुनी समज आहे. त्याच एका वारी पाण्याची टाकी रिकामी करावी, तळाचा गाळ काढावा, भिंती घासाव्यात, ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन ते पाणी सोडून द्यावं, झाकण आणि हवेच्या नळीची जाळी बघावी, आणि मग शेवटच्या नळाला क्लोरोस्कोप लावून आलेला आकडा देवळाच्या फळ्यावर खडूनं लिहावा. रोज लिहावा. आकडा सगळ्यांना दिसायला लागला की वॉटरमनलाही पंचायतीकडं चांगली पावडर मागायला बळ येतं.

काजूला जाणाऱ्यांसाठी काम हिवाळ्यात सुरू व्हायला हवं, कारण माकडतापाचा हंगाम डिसेंबर ते मे. मुकादम ज्या गावांतून माणसं नेतो तिथं, निघण्याआधी, आशा कार्यकर्तीनं चार गोष्टी समजावून सांगाव्यात. अंगभर कपडे, पायजमा मोज्यात खोचलेला. बागेतून आल्यावर कपडे गरम पाण्यात, आंघोळ, आणि काखा, जांघा, कानामागं बघणं. गोचीड चिकटली असेल तर रॉकेल ओतायचं नाही, विडीनं जाळायचं नाही. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि जागा साबणानं धुवायची. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता लगेच कळवायचं. परत आल्यावर पंधरा दिवसांत ताप आला, तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोलायचं: “डॉक्टर, मी काजूच्या बागेतून आलोय.”